इरावदी डॉल्फिन: चिलिकाला जाऊन आलेल्यांचे (आणि जाणाऱ्यांचे) नेहमीचे प्रश्न

ओडिशातली पुरी-कोणार्क-चिलिका ही आपल्याकडच्या टूरवाल्यांची ठरलेली लाईन आहे, जगन्नाथाचं दर्शन झालं की पुढच्या एक-दोन दिवसात सगळी गाडी चिलिकाच्या (समुद्राला जोडलेल्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या मोठ्या सरोवराच्या) काठी सातपाड्याच्या जेट्टीवर डॉल्फिन बघायला उतरते. तिकडून आलेल्या लोकांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात, डॉल्फिन उडी का मारत नाही, तो गंगेतलाच ना, तारकर्लीला दिसतो तोच का हा, वगैरे. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, जाळ्यांचं तर फारच, पण तो विषयच तसा आहे, या प्राण्याचं सगळं बरंवाईट शेवटी जाळ्यापाशी येऊन थांबतं.

चिलिकात दिसतो तो डॉल्फिन नेमका कोणता?

इरावदी डॉल्फिन. शास्त्रीय नाव ओर्सेला ब्रेविरोस्ट्रिस. नाव म्यानमारच्या इरावदी नदीवरून पडलंय, पण शास्त्रज्ञांच्या हातात पहिला नमुना आला तो आपल्या विशाखापट्टणमच्या बंदरातला, १८५२ सालचा, आणि त्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये या प्रजातीचं वर्णन केलं. म्हणजे परदेशी नावाचा असला तरी हा प्राणी अगदी आपल्या घरचाच आहे.

ओळखायला सोपा. डॉल्फिन म्हटलं की बाटलीसारखं पुढे आलेलं तोंड डोळ्यापुढे येतं ना, ते याला नसतंच. डोकं शहाळ्यासारखं गोल, कपाळ पुढे आलेलं, रंग राखाडी किंवा निळसर राखाडी, पोटाकडे फिकट. पाठीवरचा पर अगदी छोटा, तिकोनी, टोक बोथट, आणि पाठीच्या मध्याच्याही जरा मागे. पुढचे दोन पर मात्र चांगले रुंद, वल्ह्यासारखे. मान वळते, हे विशेष, कारण बऱ्याच डॉल्फिनच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले असतात, याचे फक्त पहिले दोन जुळलेले आहेत, त्यामुळे डोकं इकडेतिकडे फिरवता येतं. लांबी साधारण दीड ते पावणेतीन मीटर, वजन शंभर किलोच्या पुढे जातं, मोठा नर दोनशेपर्यंतही.

मग तो उड्या का मारत नाही? पैसे देऊन गेलो आणि नुसती पाठ दिसली.

नुसती पाठ दिसली म्हणजे नीट दिसला, असं समजा. हा लाजाळू गडी आहे. श्वास घ्यायला वर येतो तेव्हा आधी डोक्याचा वरचा भाग, मग पाठ, आणि संपलं, शेपटी तर बहुतेक वेळा दिसतच नाही. मधेच कधीतरी डोकं उभं बाहेर काढून आजूबाजूला बघतो, उडी अगदी क्वचित आणि तीही बुटकी. टीव्हीवर जे झुंडीने उड्या मारताना दाखवतात ते खुल्या समुद्रातले वेगळे डॉल्फिन. इथे एका गटात साधारण दोन ते सहा जण असतात, पाणी गढूळ, त्यामुळे एकदा बुडी मारली की पुढे कुठे निघेल ते बोटवाल्यालाही सांगता येत नाही.

गंगेतला डॉल्फिन आणि हा एकच का?

नाही, आणि ही गल्लत पेपरवालेही करतात. आपला राष्ट्रीय जलचर म्हणून २००९ मध्ये ज्याची घोषणा झाली तो गंगेतला डॉल्फिन, प्लॅटॅनिस्टा गँगेटिका. त्याला लांब चिमट्यासारखी चोच असते, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, आणि तो पूर्ण नदीतलाच प्राणी. इरावदी डॉल्फिन हा कुळाने समुद्री डॉल्फिन आहे, ओर्का आणि पायलट व्हेल ज्या कुळात येतात त्याच कुळातला, फक्त त्याच्या काही टोळ्या नदीत शिरून तिथल्याच झाल्या. डोळे बारीक असले तरी त्याला दिसतं. सुंदरबनात मात्र दोघंही भेटतात, वरून गोड्या पाण्यातून गंगेतला येतो, खालून खाऱ्यातून इरावदी, आणि मधल्या खाड्यांमध्ये दोघांची हद्द एकमेकांत मिसळते.

मार्च २०२५ मध्ये "भारतात ६,३२७ डॉल्फिन" अशी बातमी आली होती ती नदीतल्या डॉल्फिनची होती, म्हणजे ६,३२४ गंगेतले आणि ३ सिंधू नदीतले. त्यात चिलिकातले धरलेले नाहीत.

तारकर्लीला, दापोलीला, गोव्याला दिसतो तो हाच का?

तोही नाही. आपल्या कोकण किनाऱ्याला जवळ दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, सूसा प्लंबिया. त्याला लांब तोंड असतं आणि पाठीवर पराखाली ठळक कुबड. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळचे डॉल्फिनचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि "निसर्ग परत आला" म्हणून लोक भावुक होत होते, अहो ते तिथेच होते, फक्त घरी बसल्यावर आपण खिडकीतून बघायला लागलो. इरावदी डॉल्फिन भारतात पूर्व किनाऱ्याला, चिलिका, ओडिशाच्या भितरकनिकाच्या बाजूच्या खाड्या, आणि मग सुंदरबन. पण एक सांगतो, दोघांचा स्वभाव आणि दोघांची दुखणी सारखीच आहेत, किनाऱ्याला चिकटून राहायचं, खाडीच्या तोंडाशी मासे शोधायचे, आणि नेमकी तिथेच माणसाची जाळी. हंपबॅकही आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना) यादीत एन्डेंजर्डच, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातलाच आहे. म्हणून खाली जाळ्यांबद्दल जे लिहिलंय ते मालवण-देवबागच्या लोकांनीही वाचायला हरकत नाही.

गोड्या पाण्यात पण आणि खाऱ्यात पण? एकच प्राणी कसा काय राहतो?

प्रजाती एक, पण एकच प्राणी दोन्हीकडे फिरतो असं नाही. किनाऱ्यावरच्या टोळ्या जिथे नदीचं गोडं पाणी समुद्रात येऊन मिसळतं त्या पट्ट्यात राहतात, खाड्या, त्रिभुज प्रदेश, खारफुटी. खोल निळ्या समुद्रात हा सहसा जातच नाही. काही टोळ्या चिलिकासारख्या खाजणात. आणि तीन टोळ्या चक्क नदीतल्या, म्यानमारची इरावदी, कंबोडियाची मेकाँग आणि इंडोनेशियात बोर्निओ बेटावरची महाकाम. हे नदीतले डॉल्फिन नदीतच जन्मतात, नदीतच मरतात, समुद्राचं तोंड बघत नाहीत, आणि समुद्रातले नातेवाईकही वर येऊन त्यांच्यात मिसळत नाहीत. मेकाँगमधले सगळे संपले तर बांगलादेशच्या किनाऱ्यावरून कोणी तिथे जाऊन ती जागा भरणार नाही. म्हणून "जगात हजारो आहेत ना, मग काय" हे उत्तर नदीतल्या टोळीला लागू पडत नाही.

खातो काय? आणि तोंडातून पाणी उडवतो म्हणतात ते खरं का?

मासे मुख्य, शिवाय कोळंबी, माकुल वगैरे. शिकार डोळ्यांपेक्षा कानाने, म्हणजे बारीक टिकटिक आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे आहे ते हेरायचं, गढूळ पाण्यात दुसरा इलाज नाही. ते आवाज इतके उंच पट्टीचे असतात की आपल्या कानाला बहुतेक ऐकूच येत नाहीत.

पाणी उडवतो हे अगदी खरं. तोंडात पाणी भरून लांब पिचकारी मारतो, बहुतेक वेळा मासे घेरताना. पिचकारीने मासे गोंधळून एका जागी गोळा होतात असं म्हणतात. बोटीतून हे दिसलं तर नशीब जोरावर आहे समजा, आणि त्या वेळी तरी बोटवाल्याला "अजून जवळ घे, अजून जवळ घे" म्हणू नका, तो जेवतोय.

म्यानमारमध्ये डॉल्फिन कोळ्यांना मासे पकडून देतात, ही गोष्ट की खरी?

खरी, आणि या सगळ्या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. मंडालेच्या वरच्या अंगाला इरावदी नदीवर जे कोळी पाग टाकतात (आपल्याकडे खाडीत हाताने गोल फेकतात तेच जाळं) त्यांची डॉल्फिनशी पिढ्यान्‌पिढ्या भागीदारी आहे. कोळी होडीच्या कडेवर लाकडी काठीने ठकठक करतो, घशातून एक विशिष्ट आवाज काढतो, वल्हं पाण्यावर आपटतो. डॉल्फिन जवळ असले आणि त्यांचा मूड असला की ते येतात, मासे वळवत वळवत होडीकडे आणतात, आणि मग शेपूट अर्धवट पाण्याबाहेर काढून इशारा देतात. त्या क्षणी पाग पडायला हवा. जाळं पडलं की मासे सैरावैरा पळतात आणि कडेने निसटणारे डॉल्फिनच्या तोंडात. कोळ्याची घागर भरते, डॉल्फिनचं पोट. कोणी कोणाला ट्रेनिंग दिलेलं नाही, मोठे करतात ते बघत पिल्लं शिकतात, होडीतही आणि पाण्यातही तसंच.

२००५ मध्ये मिंगुनपासून वर सुमारे सत्तर किलोमीटरचा नदीचा पट्टा यासाठीच संरक्षित केला. पण आता प्रॉब्लेम झालाय तो बॅटरीचा. गाडीची बॅटरी, एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन तारा पाण्यात सोडल्या की मासे पटापट वर येतात, बेकायदा आहे पण पैसा झटपट आहे. करंटने डॉल्फिन दगावतात हा एक भाग झाला, दुसरा म्हणजे होडी दिसली की डॉल्फिन बिचकायला लागतात, ज्या होडीकडे धावत यायचे तिच्यापासून लांब पळतात. शॉक देणारा वेगळा आणि पाग टाकणारा वेगळा, हे डॉल्फिनला कसं कळणार? ही भागीदारी एकदा तुटली, शिकवणारे म्हातारे डॉल्फिन आणि म्हातारे कोळी गेले, की ती परत जोडता येत नाही.

पिल्लं किती होतात?

एका वेळी एक. गर्भ साधारण १४ महिने, जन्मताना पिल्लू मीटरभर लांब आणि दहा-बारा किलोचं, दोनेक वर्षं आईच्या दुधावर, मग पुढचं पिल्लू दोन-तीन वर्षांच्या अंतराने. आयुष्य तीसेक वर्षं. हे आकडे एकत्र मांडून बघा म्हणजे प्रकरण लक्षात येईल. ८०-९० जणांची टोळी असेल तर त्यात पिल्लं देणाऱ्या माद्या असून असून किती असणार, आणि त्यातली प्रत्येक तीन वर्षांतून एकदा. वर्षाला दोन-चार मोठे डॉल्फिन जाळ्यात गेले तरी हिशोब उलटा फिरतो. मासळीसारखं लाखो अंडी घालून भरपाई करायची सोय इथे नाही.

जगात उरलेत किती?

सगळ्यात मोठी वस्ती बांगलादेशच्या किनाऱ्याला, तिथल्या पाहणीत पाच हजारांच्या वर अंदाज निघाला आणि २००९ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा सगळेच चकित झाले, कारण तोवर लोक या प्राण्याला शे-दोनशेच्या हिशोबात मोजत होते. चिलिकात दरवर्षीच्या मोजणीत दीडशेच्या आसपास. बाकी ठिकाणची परिस्थिती मात्र वाईट. इरावदी नदी आणि महाकाम दोन्हीकडे शंभराच्या आत. मेकाँगमध्ये १९९७ साली सुमारे २०० चा अंदाज होता तो २०१५ ला ८० वर आला, २०१७ ला ९२, २०२० ला ८९, आणि २०२४ च्या मोजणीत १०५. फिलिपाइन्सच्या मलंपाया आखातात २००१ साली ७७ होते, नंतर तेही खूप घटले. थायलंडच्या सोंगख्ला तळ्यात फक्त चौदाच्या आसपास उरलेत. चौदा! या तळ्यात मोठे कॅटफिश सोडले आणि मग ते धरायला जाड दोऱ्याची मोठ्या डोळ्यांची जाळी आली, त्यात डॉल्फिन गेले.

आययूसीएनने २०१७ मध्ये पूर्ण प्रजाती एन्डेंजर्ड म्हणून नोंदवली, आणि नदीतल्या तिन्ही टोळ्या, मलंपाया आणि सोंगख्ला यांना तर आधीपासूनच क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे त्याहूनही जास्त धोक्यातल्या.

मरतात कशाने? शिकार करतात का लोक?

मुद्दाम मारणारे आज फार कमी. बऱ्याच ठिकाणी हा प्राणी शुभ मानतात, मेकाँगच्या काठी लोक त्याला पूर्वजन्मीचा माणूस समजतात. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात तेलासाठी मारल्याच्या आणि नुसत्या नेमबाजीसाठी गोळ्या घातल्याच्या कहाण्या आहेत, पण तो काळ गेला.

आता मारतं ते गिलनेट. बारीक नायलॉनची उभी भिंत पाण्यात सोडून ठेवायची, माशाचं डोकं जाळ्याच्या डोळ्यातून आत जातं आणि कल्ल्याच्या मागे अडकतं, आणि कोळी सकाळी येऊन जाळं ओढतो. स्वस्त, हलकं, एकट्या माणसाला झेपणारं, त्यामुळे आशियात गरीब कोळ्याकडे दुसरं काही नसलं तरी हे असतंच. डॉल्फिन त्यातलेच मासे खायला जातो, किंवा जाळं नीट कळतच नाही कारण नायलॉनचा प्रतिध्वनी फार कमजोर येतो, आणि शेपूट किंवा पर गुंततो. तो मासा नाही, त्याला हवा लागते. काही मिनिटांत वर येता आलं नाही की बुडून मरतो. मोठा डॉल्फिन जाळं फाडून सुटू तरी शकतो, पिल्लू नाही सुटत. कोळ्याचंही त्यात नुकसानच, जाळं फाटतं, रात्रीची मेहनत जाते, वर केस होईल ही भीती, म्हणून बहुतेक वेळा मेलेला डॉल्फिन गुपचूप सोडून दिला जातो आणि तो कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

बाकी कारणं आहेतच. बोटीचे पंखे, महाकाममध्ये कोळशाचे भलेमोठे बार्ज, वाळूउपसा, पाण्यात येणारी कीटकनाशकं, सुंदरबनात तेल. डिसेंबर २०१४ मध्ये सुंदरबनातल्या शेला नदीत टँकर बुडून साडेतीन लाख लिटरच्या आसपास तेल सांडलं होतं, तेही २०१२ साली डॉल्फिन अभयारण्य म्हणून जाहीर केलेल्या भागात. पण कोणी मला एकच कारण सांग म्हटलं तर मी जाळं सांगेन आणि बाकीची यादी खिशात ठेवेन.

मग जाळ्यांवर बंदी घाला ना, एवढं काय अवघड आहे?

कागदावर अवघड नाहीच. कंबोडियाने मेकाँगमध्ये क्राटी शहरापासून लाओसच्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यात गिलनेट बंद केली, रिव्हर गार्ड नेमले, ते रात्री बोटी घेऊन फिरतात आणि किलोमीटरच्या किलोमीटर जाळी उचलून आणतात. तरी डिसेंबर २०२२ मध्ये एकाच आठवड्यात तीन धडधाकट डॉल्फिन मेले. कारण नदीकाठच्या माणसाला रात्री मासा लागतोच, आणि जाळं हजार-दोन हजारात परत मिळतं.

मला स्वतःला वाटतं की बंदी लागतेच, पण ठराविक जागी. हे प्राणी नदीभर पसरून राहत नाहीत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खोल डोहांमध्ये गोळा होतात. ते डोह आणि त्यांच्यामधला रस्ता तेवढा कडक पाळला आणि बाकी नदी कोळ्याला मोकळी ठेवली तर भांडण निम्मं होतं. महाकाममध्ये दुसरा उपाय चालू आहे, पिंगर. छोटं बॅटरीवरचं यंत्र जाळ्याला बांधायचं, ते टिकटिक आवाज करतं आणि डॉल्फिन तेवढं अंतर ठेवतो. कोळ्यालाही बरं, कारण डॉल्फिन जाळ्यातले मासे पळवत नाही. पैसे लागतात, बॅटरी बदलावी लागते, कोणीतरी गावोगाव फिरून ते बघावं लागतं, हे सगळं आहे. पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला बाजूला ढकलून केलेलं संरक्षण रात्री बारानंतर टिकत नाही, एवढं मेकाँगने दाखवून दिलंय.

लाओसमधले डॉल्फिन संपले हे खरं का?

हो. लाओस-कंबोडिया सीमेवर मेकाँगचा एक डोह आहे, धबधब्यांच्या खाली, तिथे एक छोटी टोळी होती. वर्षाकाठी एकेक कमी होत गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शेवटचा मेला, शेपटीला गिलनेटचा तुकडा गुंतलेला होता. वय सुमारे २५. त्या डोहाच्या वरच्या अंगाला अगदी जवळ डॉन सहाँग नावाचं २६० मेगावॅटचं धरण झालंय, त्यामुळे लोक धरणाला दोष देतात, आणि धरणाने पाण्याचा आणि माशांचा खेळ बिघडतो हे बरोबरच आहे, पण टोळी दोन आकडी संख्येवरून एक आकड्यावर आली ती धरणाच्या आधीच, जाळ्यांनी. दोन देशांच्या मधला डोह, इकडचा नियम तिकडे लागू नाही, असं वर्षानुवर्षं चाललं.

चिलिकात तेवढं बरं चाललंय ते कसं काय?

इथे जरा मागे जावं लागेल. चिलिका ही आशियातली सगळ्यात मोठी खाऱ्या-गोड्या पाण्याची खाजण, पावसाळ्यात हजार चौरस किलोमीटरच्या पुढे पसरते, १९८१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नव्वदच्या दशकात तिची वाट लागली होती. महानदीच्या फाट्यांनी गाळ आणून टाकला, समुद्राकडचं तोंड सरकत सरकत लांब गेलं आणि चिंचोळं झालं, खारं पाणी आत येईना, तळभर गवत-पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९९३ मध्ये ती मॉन्ट्रो रेकॉर्डमध्ये, म्हणजे धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. मग चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा बांध फोडून समुद्राला नवीन तोंड दिलं. भरती आत यायला लागली, खारेपणा सुधारला, मासे आणि कोळंबी परत आली, आणि २००२ मध्ये ती यादीतून बाहेर पडली, प्राधिकरणाला रामसर पुरस्कारही मिळाला.

डॉल्फिनसाठी वेगळं काही केलं नव्हतं हे लक्षात घ्या, पाणी ठीक केलं, मासे आले, आणि माशांपाठोपाठ डॉल्फिनला बरे दिवस आले.

दुसरी गोष्ट म्हणजे घेरी. कोळंबीसाठी खाजणातच बांबू ठोकून, जाळी लावून मोठमोठे वाडे घातलेले असायचे, बरेचसे बेकायदा, आणि त्यांच्यामागे पैसेवाले लोक. त्याने पाण्याचा प्रवाह अडायचा, साध्या कोळ्याची जागा जायची आणि डॉल्फिनला एका भागातून दुसरीकडे जायचा रस्ताच बंद. २०१७ नंतर त्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या आणि जिथे कित्येक वर्षं डॉल्फिन नव्हते त्या भागातही दिसायला लागले. परत बांबू ठोकायचे प्रयत्न होत असतातच, ती कायमची डोकेदुखी आहे.

शिवाय चिलिकावर जगणारे कोळी लाख-दोन लाखांच्या घरात, आणि त्यांना डॉल्फिनचा राग नाही. डॉल्फिन मासे हाकत जाळ्याकडे आणतो असं तिथले बरेच जण सांगतात.

म्हणजे टुरिझमने डॉल्फिन वाचले असं म्हणायचं का?

अर्धं. सातपाड्यात कित्येक घरं डॉल्फिन दाखवण्यावर चालतात, त्यामुळे जिवंत डॉल्फिनची किंमत गावाला कळली, हे मोठं काम झालं. पण सीझनला, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, त्यातही नाताळच्या सुट्टीत, एकेका गटामागे बोटींची जत्रा लागते. तिथल्या बोटींना मागे लांब दांड्याचा पंखा असतो, तो उथळ पाण्यात डॉल्फिनला लागतो, पाठीवर कापल्याच्या खुणा असलेले डॉल्फिन तिथे आहेत. आणि आवाजाने त्यांचं खाणं तुटतं ते वेगळंच.

आपल्या हातात एवढंच असतं की बोटीत बसायच्या आधीच सांगायचं, "भाऊ, लांबून दिसला तरी चालेल, पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू." पन्नासेक मीटरवर थांबलं की बरेचदा तेच जवळ येतात. गोव्यातला "नो डॉल्फिन नो पैसे" प्रकार मला अजिबात पटत नाही, त्यात बोटवाल्याला पाठलाग करायलाच लावलं जातं. आणि जाता जाता, वाटेत बेटावर शिंपला फोडून "ताजा मोती" दाखवतात त्याला भुलू नका, डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही, पण हा प्रश्न मला डॉल्फिनपेक्षा जास्त वेळा येतो.

मोजतात कसे? तोच तोच दोनदा नाही का मोजला जात?

चांगला प्रश्न. चिलिकात ठरलेल्या दिवशी अनेक टीम एकाच वेळी बोटी घेऊन आपापल्या ठरलेल्या रेषेवरून जातात, वेळ, जागा, दिशा, गट किती जणांचा हे लिहून घेतात, नंतर सगळ्यांचे तक्ते जुळवून दुहेरी नोंदी काढून टाकतात. दुसरी पद्धत फोटोची. पाठीवरच्या पराच्या कडेला खाचा, जखमा, डाग असतात आणि प्रत्येकाचे वेगळे, त्यांचे फोटो काढून अल्बम तयार होतो, मग पुढच्या फेरीत ओळखीचे किती आणि नवे किती भेटले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. मेकाँगमधले आकडे असेच येतात. त्यामुळे एखाद्या वर्षी १५१ आणि पुढच्या वर्षी १४६ अशी बातमी आली तर "पाच मेले" असं धरून चालू नका, एवढा फरक धुकं, वारा, लाटा यानेही पडतो. दहा वर्षांची रेघ बघायची.

टँकमध्ये ठेवून ब्रीडिंग करता येणार नाही का?

नको. थायलंड-इंडोनेशियात हे डॉल्फिन पकडून शोमध्ये ठेवले गेलेत, नदीला त्याचा काडीचा फायदा झाला नाही, उलट आधीच कमी असलेल्या टोळीतून तेवढे गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००५ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट एकखाली बंदी आली ती याच कारणाने. भारतात २०१३ पासून डॉल्फिनेरियमला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. समजा टँकमध्ये दहा पिल्लं जन्मली, सोडणार कुठे? जाळ्याने भरलेल्या त्याच पाण्यात?

भारतात कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, परिशिष्ट एक. वाघाला जे संरक्षण तेच याला, शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. १५ ऑगस्ट २०२० ला जाहीर झालेल्या प्रोजेक्ट डॉल्फिनमध्ये नदीतले आणि समुद्रातले दोन्ही धरलेत, पण बोलणं सगळं गंगेबद्दल होतं, किनाऱ्यावरच्या डॉल्फिनच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं असं माझं मत आहे.

आपल्या कोकणात डॉल्फिन जाळ्यात सापडला तर काय करायचं?

जिवंत असेल तर जाळं कापा. नुकसानीची भीती असते म्हणून लोक कचरतात, पण महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून मोबाईलवर प्राणी जाळ्यात असतानाचा, सोडतानाचा आणि फाटलेल्या जाळ्याचा असा फोटो-व्हिडिओ काढून ठेवा, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसला नाहीतर कांदळवन कक्षाला कळवा.

किनाऱ्यावर लागलेला जिवंत डॉल्फिन दिसला तर शेपटीला धरून समुद्रात ओढू नका, त्याने सांधे निखळतात. डोक्यावर जे श्वासाचं भोक असतं त्यात पाणी आणि वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओलं फडकं टाकून सावली करा (भोक मोकळं ठेवून), गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. सेल्फी नंतर. मेलेला असेल तरी कळवा, पुरून मोकळे होऊ नका, कशाने मेला ते तपासता आलं तरच कुठल्या जाळ्याचं काय करायचं ते ठरतं.